बदाम सात : घरोघरीच्या नियमांचा सोपा खेळ

मे महिन्याची सुट्टी लागली, की दुपारच्या जेवणानंतर अनेक मराठी घरांत सतरंजी अंथरली जाते आणि कपाटातला पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. झब्बू, गाढव, पाच-तीन-दोन, मेंढीकोट, रमी असे खेळ एकामागून एक रंगतात. या खेळांमध्ये सहा-सात वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या घरातल्या आजीपर्यंत सर्वांना एकाच डावात सामावून घेणारा खेळ म्हणजे ‘बदाम सात’. यात भागीदार नसतो, हुकूम नसतो, हात मोजावे लागत नाहीत. एक ते तेरा आकड्यांचा क्रम ठाऊक असला, की खेळ सुरू करता येतो.

हा खेळ दहा मिनिटांत शिकता येत असला, तरी तो प्रत्येक घरी थोडा निराळा खेळला जातो. सुट्टीत मामाकडे गेलेला भाचा पहिल्याच डावात हटकतो, ‘आमच्याकडे असे खेळत नाहीत.’ त्यावर मामाकडची मुले उत्तर देतात, ‘इथे असेच खेळतात.’ दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या असतात. बदाम सातचा मूळ गाभा सर्वत्र एकच आहे. त्याभोवतीचे नियम मात्र घरांनी आपल्या सोयीने बनवले आहेत. म्हणूनच हा खेळ शिकताना गाभा कोणता आणि घरचा नियम कोणता, हे आधी वेगळे करून घेणे उपयोगाचे ठरते.

पत्ते आणि त्यांची नावे

खेळासाठी ५२ पानांचा एक कॅट लागतो. जोकर बाजूला ठेवले जातात. बदाम, चौकट, इस्पिक आणि किल्वर अशा चार रंगांची प्रत्येकी १३ पाने असतात. एक्का सर्वांत खालचा, त्यावर दुर्री, तिर्री अशा क्रमाने दश्शीपर्यंत आकड्यांची पाने आणि त्यानंतर गुलाम, राणी व राजा. या क्रमाच्या बरोबर मध्यावर सत्ती येते. तिच्या खाली सहा पाने आणि वरही सहा पाने असतात. खेळाची सारी मांडणी या समतोलावर उभी आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांत रंगांच्या नावांवरून हमखास गोंधळ होतो. हिंदी भाषक प्रदेशात बदामाला ‘पान’, चौकटला ‘ईंट’, किल्वरला ‘चिडी’ आणि इस्पिकला ‘हुकुम’ म्हणतात. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावापुरता इतर रंगांवर मात करणारा रंग. त्यामुळे इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या घरी शेजारची मुले खेळायला बसली, तर ‘हुकमाची राणी’ या शब्दांचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असू शकतो. गुजरातीत बदामाला ‘लाल’ आणि इस्पिकला ‘काळी’ असे म्हटले जाते. मिश्र भाषेच्या घोळक्यात पहिल्या डावाआधी चार पाने दाखवून नावे ठरवून घेतली, तर पुढचे अर्धे वाद टळतात.

वाटणी आणि सुरुवात

पत्ते पिसून, शेजारच्या भिडूकडून काटून घेऊन, सर्वच्या सर्व पाने एकेक करून वाटली जातात. तळाशी काहीही शिल्लक राहत नाही. चार भिडू असतील तर प्रत्येकाला १३ पाने येतात. तिघांत दोघांना १७ आणि एकाला १८, पाच जणांत दोघांना ११ आणि तिघांना १०, तर सहा जणांत चौघांना ९ आणि दोघांना ८ पाने मिळतात. जास्त पान म्हणजे जास्त ओझे, अशी तक्रार लहान मुले लगेच करतात आणि ती योग्यही असते. त्यावरचा उपाय म्हणजे वाटणारा दर डावाला बदलणे. पाच जणांनी पाच डाव खेळले आणि प्रत्येकाने एकदा पाने वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीचे पान बरोबर दोनदा येते.

ज्याच्या हातात बदामची सत्ती असेल, तो ती मध्यभागी ठेवून डावाची सुरुवात करतो. खेळाचे नाव यावरूनच पडले आहे. उतारी वयाने, मानाने किंवा वाटणाऱ्याच्या जागेवरून ठरत नाही. ती पानावरून ठरते. त्यामुळे घरातल्या सर्वांत धाकट्या भिडूलाही डाव उघडण्याचा मान मिळू शकतो.

पाने लावण्याची रीत

बदामची सत्ती खाली आल्यानंतर पाळीपाळीने प्रत्येकजण एक पान लावतो. एखाद्या रंगाची सत्ती खाली असेल, तर तिच्या एका बाजूला अठ्ठी, नंतर नव्वी, दश्शी, गुलाम, राणी आणि राजा असा चढता क्रम लागतो. दुसऱ्या बाजूला छक्की, पंजी असे उतरत एक्क्यापर्यंत जाता येते. मधले पान वगळता येत नाही. बाकीच्या तीन सत्त्या कोणत्याही पाळीला लावता येतात आणि त्यांच्याभोवती त्या त्या रंगाची मांडणी सुरू होते.

पहिली सत्ती पडल्यावर खाली लावता येतील अशी पाने नेमकी पाच असतात : बदामची छक्की, बदामची अठ्ठी आणि उरलेल्या तीन सत्त्या. चारही रंग उघडल्यानंतर प्रत्येक रंगाला एक वरचे आणि एक खालचे टोक असते. म्हणजे कोणत्याही क्षणी लावता येणारी पाने आठापेक्षा अधिक होत नाहीत. नवशिक्याने एवढेच पाहायचे असते, की या आठांपैकी एखादे पान आपल्या हातात आहे की नाही.

जागा कमी असेल तर पाने पसरून न मांडता ढीग केले जातात. सत्ती मध्ये आडवी ठेवायची, तिच्या वरच्या बाजूला चढत्या पानांचा आणि खालच्या बाजूला उतरत्या पानांचा ढीग करायचा. प्रत्येक ढिगावर दिसणारे पान हेच त्या रंगाचे टोक. राजा किंवा एक्का पडला, की काही घरांत तो ढीग पालथा करतात. तिथे आता काही लागणार नाही, हे सर्वांना लगेच कळते.

‘पास’ या शब्दाचे वजन

लावण्याजोगे एकही पान हातात नसेल, तर भिडू ‘पास’ म्हणतो आणि पाळी पुढे जाते. बहुतेक घरांत मान्य असलेला नियम असा, की लावता येईल असे पान हातात असताना पास म्हणता येत नाही. इच्छा नसली तरी ते पान लावावेच लागते.

खेळातील सर्वांत नाजूक जागा हीच आहे. पास म्हणणाऱ्याची पाने इतरांना दिसत नाहीत. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून खेळ पुढे सरकतो. किल्वरची छक्की दाबून ठेवून कोणी दोन वेळा पास म्हटले, तर ज्यांच्या हातात किल्वरची छोटी पाने आहेत ते सारे अडकतात आणि त्यांना त्याचे कारणही समजत नाही.

तरीही हा खोटेपणा फार काळ लपत नाही. सर्व ५२ पाने वाटलेली असल्यामुळे पुढे लागणारे प्रत्येक पान कोणाच्या तरी हातात असतेच. साहजिकच, खेळ सुरू असताना सर्व भिडूंनी ओळीने पास म्हणणे अशक्य आहे. तसे घडले, तर कोणीतरी पान लपवले आहे किंवा कोणाच्या नजरेतून पान सुटले आहे, एवढे निश्चित समजावे. अशा वेळी संशयाची बोटे एकमेकांकडे दाखवण्याऐवजी सर्वांनी आपापली पाने पुन्हा एकदा तपासावीत, ही समंजस रीत आहे. पुष्कळदा हातातल्या गर्दीत चौकट आणि बदाम यांची सरमिसळ झालेली असते आणि पान अनवधानाने राहिलेले असते.

डाव संपल्यावर उरलेली पाने उघडी केली जातात. त्या वेळीही लपवलेले पान उघड होऊ शकते. जाणूनबुजून पान दाबल्याचे आढळल्यास काही घरांत ठरावीक दंडाचे गुण लावतात. हा दंड किती असावा, हे डावाआधी ठरलेले असावे. चूक घडल्यानंतर ठरवलेला दंड लहान मुलांना अन्याय वाटतो आणि त्यांचे ते वाटणे चुकीचे नसते.

कोणते पान आधी लावावे?

बदाम सात हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, असा समज आहे. पाने कोणती येतील, हे नशिबावर असते. एकापेक्षा अधिक पाने लावण्याजोगी असतील, तेव्हा कोणते निवडायचे हे मात्र खेळणाऱ्याच्या हातात असते.

उदाहरणादाखल चौघांच्या डावातील एका भिडूची १३ पाने पाहता येतील. बदामची नव्वी आणि राणी. चौकटचा एक्का, तिर्री आणि छक्की. किल्वरची सत्ती, अठ्ठी आणि नव्वी. इस्पिकची दुर्री, पंजी, सत्ती, दश्शी आणि राजा. समोर फक्त बदामची सत्ती पडली आहे. बदामची छक्की किंवा अठ्ठी या भिडूकडे नाही. म्हणजे त्याच्यापुढे दोनच पर्याय आहेत : इस्पिकची सत्ती किंवा किल्वरची सत्ती.

नवशिका भिडू बहुधा यांतले कोणतेही एक लावून मोकळा होतो. विचार करणारा भिडू इस्पिककडे वळतो. इस्पिकची दुर्री आणि राजा ही दोन्ही टोकांकडची पाने त्याच्याच हातात आहेत. तो रंग जितक्या लवकर उघडेल, तितका मधली पाने इतरांनी लावण्यास वेळ मिळेल. सत्ती दाबून ठेवली, तर अडचण त्याचीच होईल.

किल्वरची गोष्ट उलट आहे. त्या रंगात त्याच्याकडे दूरचे पान नाही. सत्ती त्याच्या हातात आहे तोवर किल्वर संपूर्ण बंद राहतो आणि ज्यांच्याकडे किल्वरचा एक्का किंवा राजा आहे, ते खोळंबतात. ती सत्ती लावावी लागली, तरी वरची बाजू त्याच्याच ताब्यात राहते, कारण अठ्ठी आणि नव्वीही त्याच्याचकडे आहेत. अठ्ठी लावल्याने इतर कोणाचा मार्ग मोकळा होत नाही. नव्वी पडेल तेव्हाच दश्शीवाल्याची सोय होते.

चौकटची सत्ती दुसऱ्या कोणी लावली, की या भिडूने छक्की लवकर लावणे हिताचे आहे. ती अडवली, तर त्याचीच तिर्री आणि एक्का आत कोंडले जातात. बदामच्या नव्वीचेही तसेच. ती लागल्याशिवाय त्याची राणी बाहेर पडणार नाही.

यातून दोन साधी सूत्रे मिळतात. पहिले, ज्या रंगाची टोकाची पाने आपल्या हातात आहेत, तो रंग लवकर उघडावा आणि ज्या रंगात केवळ मधली पाने आहेत, तो शक्य तितका उशिरा. दुसरे, ज्या पानामुळे इतरांचा मार्ग उघडत नाही, ते राखून ठेवावे. राजा आणि एक्का ही अशी पाने आहेत. आपल्याच हातातल्या पानाला वाट करून देणारे पानही तसेच. अडवणूक टिकवायची असेल, तर दरम्यानच्या पाळ्यांना लावण्यासाठी दुसरी पाने हवीत. ती संपली, की दाबून ठेवलेली सत्ती नाइलाजाने खाली ठेवावी लागते. ‘पान असताना पास नाही’ या नियमाचा खरा अर्थ इथे उलगडतो. हा नियम असल्यामुळेच अडवणुकीला मर्यादा राहते.

गुणांचा हिशेब

ज्याची पाने सर्वांत आधी संपतात, तो त्या डावाचा विजेता. इतरांच्या हातात उरलेल्या पानांचे गुण त्यांच्या नावावर लिहिले जातात. एक्क्याचा १, आकड्यांच्या पानांचे आकड्याइतके, गुलामाचे ११, राणीचे १२ आणि राजाचे १३. ठरलेले डाव संपल्यावर ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. काही घरांत चित्राच्या प्रत्येक पानाला सरसकट १० गुण धरतात. काही ठिकाणी १०० गुण गाठणारा भिडू बाद होतो आणि शेवटी उरलेला जिंकतो.

या हिशेबामुळे खेळाला आणखी एक पदर मिळतो. राजा, राणी आणि दश्शी हातात राहिलेल्या भिडूला ३५ गुण लागतात. एक्का, दुर्री आणि तिर्री राहिलेल्याला अवघे ६. पाने दोघांकडे तीनच. राजा राखून ठेवणे सोयीचे असले, तरी कोणाच्या हातात एक-दोनच पाने उरली आहेत असे दिसताच तो खाली ठेवणे शहाणपणाचे. दुसऱ्याच्या हातातली पाने मोजण्याची सवय मुलांना इथेच लागते.

घरचा खेळ गुणांवरच राहावा, पैशांवर जाऊ नये, हा संकेत जुन्या घरांत कटाक्षाने पाळला जात असे. भारतीय संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या पार्श्वभूमीवर मोबाईलच्या पडद्यावरचा डाव आणि सतरंजीवरचा डाव यांतला फरक मुलांना समजावून सांगणे सोपे झाले आहे. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले गुण दुसऱ्या दिवशी कोणाचेही नुकसान करत नाहीत.

नियम घरोघरचे

बदाम सातमध्ये घराघरांत आढळणारे फरक प्रामुख्याने पुढील बाबींत असतात.

पास ऐच्छिक की सक्तीचा : काही घरांत पान असतानाही पास म्हणण्याची मुभा असते. अशा खेळात अडवणूक फार वाढते आणि छक्की-अठ्ठीवाले भिडू वरचढ ठरतात. म्हणून तिथे पासांची संख्या मर्यादित ठेवावी लागते. तीन पास ही मर्यादा सोयीची ठरते. सर्व भिडूंनी ओळीने पास म्हणणे अशक्य, हा वर सांगितलेला ताळा अर्थातच या प्रकारात लागू होत नाही.

छक्की आधी की अठ्ठी : काही ठिकाणी एखाद्या रंगाची छक्की लागल्याशिवाय त्या रंगाची अठ्ठी लावता येत नाही. या नियमाने खेळ संथ होतो, छक्कीचे महत्त्व वाढते आणि चित्राची पाने अधिक काळ हातात राहतात.

एक्क्याची जागा : बदाम सातमध्ये एक्का दुर्रीच्या खाली लागतो. इतर अनेक खेळांत तो राजाच्या वर असतो. त्या सवयीमुळे वाद होतात. गुण मोजतानाही एक्क्याचा १ धरायचा की अधिक, हे आधीच बोलून घ्यावे.

टाकलेले पान : एकदा खाली ठेवलेले पान परत उचलता येत नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. काही घरी पुढच्या भिडूने पान लावेपर्यंत चूक सुधारू देतात.

दोन कॅट : आठ किंवा अधिक माणसे जमली, तर दोन कॅट एकत्र पिसले जातात. एकूण १०४ पाने होतात. आठ जणांत प्रत्येकी १३ पाने येतात आणि खाली आठ ओळी लागतात. बदामच्या सत्त्याही दोन असतात. त्यांपैकी वाटणाऱ्यापासून पुढे मोजताना जो सत्तीवाला आधी येईल, त्याने सुरुवात करावी, असे ठरवले म्हणजे प्रश्न सुटतो.

हरवलेले पान : सुट्ट्यांत वापरलेल्या कॅटमधले एखादे पान हमखास गहाळ झालेले असते. बदाम सातमध्ये एक पान नसले तरी त्याच्या पुढची सारी ओळ अडते. अशा वेळी जोकरवर पेनने त्या पानाचे नाव लिहून त्याला कामाला लावले जाते.

लहानांसाठी सवलत

मैदानी खेळांतील ‘कच्चा लिंबू’ पत्त्यांतही असतो. जो अजून नीट खेळू शकत नाही, त्याला डावात घ्यायचे, पण हरण्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही, ही ती पद्धत. बदाम सातमध्ये कच्च्या लिंबूचे गुण लिहिले जात नाहीत किंवा त्याला आजीच्या मांडीवर बसवून दोघांची मिळून एकच पाळी धरली जाते. मात्र मूल स्वतः पाने ओळखू लागले, की ही सवलत काढून घ्यावी. आपण जिंकलो ते सर्वांनी मुद्दाम हरल्यामुळे, हे मुलांना फार लवकर कळते.

लहान भिडूला शिकवताना पहिला डाव सर्वांनी पाने उघडी ठेवून खेळावा. कोणते पान कुठे लागते, कोण का अडकले, हे त्याला डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या डावात पाने हातात घ्यावीत, पण त्याला विचारण्याची मुभा द्यावी. तिसऱ्या डावापासून खेळ नेहमीसारखा. कोणती सत्ती दाबावी, हे पहिल्या दिवशी सांगू नये. दोन-चार वेळा अडकल्यावर मूल ते स्वतः शोधून काढते.

छोट्या हातांत १३ पाने मावत नाहीत, ही अडचणही खरी आहे. पुस्तक किंवा उशी आडोशाला उभी करून तिच्यामागे पाने मांडू द्यावीत. पाने लावून घेताना एक लाल रंग, मग एक काळा, पुन्हा लाल, पुन्हा काळा असा क्रम ठेवल्यास बदाम-चौकट आणि इस्पिक-किल्वर यांची गल्लत होत नाही. अंधुक दिसणाऱ्या आजी-आजोबांसाठीही हीच युक्ती कामी येते.

सीमेपलीकडे हाच खेळ

सत्तीपासून दोन्ही दिशांना पाने लावण्याचा हा खेळ केवळ भारतापुरता नाही. इंग्रजी भाषक देशांत तो ‘सेव्हन्स’, ‘फॅन टॅन’ आणि ‘पार्लमेंट’ या नावांनी ओळखला जातो. जपानमध्ये त्याला ‘शिचिनाराबे’ म्हणतात. तिथल्या प्रचलित रीतीनुसार चारही सत्त्या सुरुवातीलाच मांडल्या जातात. पास म्हणण्याची मुभा साधारणपणे तीन वेळा असते. ती संपूनही पान लावता आले नाही, तर तो भिडू बाद होतो आणि त्याची उरलेली पाने खाली त्या त्या जागी ठेवली जातात. म्हणजे घरचे नियम हा प्रकार मराठी माणसांनीच निर्माण केला, असे नाही. जिथे हा खेळ गेला, तिथे तो थोडा बदलला.

महाराष्ट्रात पत्त्यांची परंपरा ५२ पानांच्या कॅटपेक्षा जुनी आहे. गोलाकार, रंगवलेल्या गंजिफा भारतात मोगलकाळापासून खेळल्या जात असल्याचे पुरावे आहेत. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे या कलेचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र. विष्णूच्या दहा अवतारांवर आधारित दशावतारी गंजिफेत दहा रंगांची प्रत्येकी १२ अशी १२० पाने असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला लोप पावू लागली, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिचे पुनरुज्जीवन केले.

दशावतारी गंजिफेच्या प्रचलित नियमांत दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल तो सुरुवात करतो, तर रात्री कृष्णाचा राजा असलेला. बदाम सातशी या खेळाचे थेट नाते नाही. परंतु सुरुवातीचा मान माणसावरून न ठरता पानावरून ठरावा, ही कल्पना दोन्हींकडे सारखीच आहे.

नियम आधी, डाव नंतर

कुटुंबातील डाव मोडतो, तो बहुतेक वेळा हरण्यामुळे नव्हे, तर खेळाच्या मध्यात अचानक उगवलेल्या नियमामुळे. ज्याच्या घरी खेळ चालला आहे त्याचा नियम, की ज्येष्ठांचा नियम, की बहुमताचा, यावर एकमत होईपर्यंत पाने विस्कटलेली असतात आणि धाकटी भावंडे रुसून बसलेली असतात.

यावर उपाय सोपा आहे. पाने पिसली जात असतानाच पाच प्रश्न विचारून घ्यावेत. पान असताना पास म्हणता येईल का? छक्कीआधी अठ्ठी चालेल का? चित्राच्या पानांचे गुण किती? टाकलेले पान परत घेता येईल का? आणि किती डाव खेळायचे? पाहुण्यांच्या घरचे नियम वेगळे असतील, तर एक डाव त्यांच्या रीतीने आणि एक आपल्या रीतीने खेळता येतो. कोणती रीत अधिक रंगतदार, याचा निर्णय मुलेच करतात आणि पुढच्या सुट्टीत तोच नियम घरचा होऊन बसतो.

काही घरांत ही उत्तरे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कॅटच्या डबीत ठेवली जातात. नोकरीनिमित्त कुटुंबे पुणे, बडोदे, बंगळुरू, दिल्ली किंवा परदेशात विखुरली, तरी वर्षा-दोन वर्षांनी सारे एकत्र जमतात तेव्हा ती चिठ्ठी उपयोगी पडते. मधल्या काळात मुले मोठी झालेली असतात, काही भिडू उरलेले नसतात, काही नवे आलेले असतात. चिठ्ठी वाचून दाखवली जाते, पत्ते पिसले जातात आणि बदामची सत्ती कोणाकडे आहे, असे विचारले जाते.